बाजरीच्या भाकरीबरोबर कुठली वाइन, हे कोण सांगणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाइनवर पानभर मजकूर आला होता तो मी दोनदा वाचला, एकदा सकाळी चहाबरोबर आणि एकदा दुपारी राग शांत झाल्यावर. बाजूला तक्ता दिला होता, रेडबरोबर स्टेक, व्हाइटबरोबर ग्रिल्ड सामन मासा, रोझेबरोबर कसलंसं सॅलड आणि खाली चीजच्या सात जाती. नाशिकच्या आवृत्तीत हे छापून आलंय हो! इथल्या किती घरांत रविवारी सामन शिजतो ते एकदा मोजून बघा. आमच्या कॉलनीत तरी एकही नाही, मी विचारून आले. गंमत म्हणजे त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर आंबेडाळीची रेसिपी होती (तिच्यात लसूण बघून आमच्या सासूबाईंनी चष्मा काढून पेपर खाली ठेवला ती गोष्ट वेगळी) आणि तक्त्यात सॉव्हिन्यॉ ब्लाँ या व्हाइट वाइनचं नाव होतं, म्हणजे ज्या दोन गोष्टी चैत्रात एका ताटात यायला पाहिजेत त्या तुम्ही पाठीला पाठ लावून छापल्या आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

माझं सासर निफाड तालुक्यातलं, द्राक्षवाले. आमच्याकडे लग्नाची तारीखसुद्धा छाटणी बघून धरतात. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, मधे डावणी आणि भुरी या रोगांशी मारामारी, आणि जानेवारी ते मार्च माल काढायचा. खायच्या द्राक्षांत आधी थॉमसन जात होती, मग तास-ए-गणेश आली, मग सोनाका. राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, धोरणाच्या आदल्या वर्षी सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आलेली होती, तेव्हा गावोगाव एकच वारं होतं की आता वाइनची द्राक्षं लावा. आमच्या सासऱ्यांनी, त्यांना सगळे अण्णाच म्हणायचे, दोन एकर लावली. करार झाला, सह्या झाल्या. अण्णा माळकरी होते बरं का, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकायची नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं, मी द्राक्ष पिकवतो, पुढं त्याचं काय करायचं ते घेणाऱ्याने बघावं.

ती द्राक्षं मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा वाटलं काहीतरी रोग पडलाय. मणी बारकुले, करवंदाएवढे, साल जाड, आत दोन-तीन बिया आणि घड असा गच्च की मधे बोट जाणार नाही. आपल्या खायच्या द्राक्षाला आपण जीएचं डिपिंग करतो म्हणजे घड वाढीच्या औषधात बुडवतो, विरळणी करतो, मणी फुगवतो, याला त्यातलं काहीच नाही. पण गोड एवढी की हात चिकट होऊन पाटीच्या कडेला चिकटायचे. भाऊजी हसून म्हणाले, "वहिनी, ही खायची नाहीत, ही प्यायची आहेत." रंग म्हणा, तुरटपणा म्हणा, सगळं त्या सालीत असतं, म्हणून साल जास्त आणि गर कमी असाच माल वायनरीला लागतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

मग २००८ नंतर मंदी आली, मालाला उठाव राहिला नाही, करार नुसता कागद उरला. कुठल्या वायनरीचा ते लिहीत नाही, त्यांचंही तेव्हा दिवाळं वाजायच्या बेतात होतं म्हणतात. तालुक्यात कितीतरी जणांनी बागा तोडल्या, आमचीही तुटली. अण्णा काही बोलले नाहीत, खोडं ट्रॉलीत भरून सरपणाला गेली आणि त्या वर्षीचा हुरडा म्हणे त्याच्यावर भाजला. म्हणजे आमच्या घरात इतकी वर्षं वाइनची द्राक्षं पिकली, त्याच्यावर आमच्या पोरांच्या फिया भरल्या आणि वाइनचा एक थेंब कधी उंबऱ्याच्या आत आला नाही. हे फक्त आमचं नाही, दिंडोरी-निफाडात अशी शेकडो घरं सापडतील. आता भाऊजींनी परत एक एकर शेनिन ब्लाँ, व्हाइट वाइनची जात, लावलीय. त्यांच्या तोंडी नुसतं शेनिन.

एवढं पुराण एवढ्यासाठी, की मी काही पेज थ्री वगैरे मधली बाई नाही हे तुम्हाला कळावं. माझी वाइनची सुरुवात लेकीमुळे झाली. ती पुण्याला आयटीत, वय सव्वीस, वाइनचं कायद्याचं वय एकवीस, त्यामुळे पोलिसांना कळवू नका. दोन वर्षांपूर्वी ती आम्हाला तिघांना, मला, नवऱ्याला आणि सासूबाईंना, गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीत घेऊन गेली. टेस्टिंगचा मुलगा चांगला होता बिचारा, ग्लास कसा धरायचा, फिरवायचा कसा, नाक कसं घालायचं सगळं शिकवलं. पहिली सॉव्हिन्यॉ ब्लाँ. तो म्हणाला, यात तुम्हाला गूजबेरी जाणवेल. आईंनी विचारलं, "म्हणजे आवळा का रे?" तो म्हणाला हो आजी. आता आवळा म्हणजे इंडियन गूजबेरी हे ठीक आहे पण त्यांच्या पुस्तकातली गूजबेरी हे युरोपातलं दुसरंच फळ आहे, त्याचा आणि आवळ्याचा काही संबंध नाही, ते त्यालाही माहीत नव्हतं आणि आम्ही तिघं त्या ग्लासात आवळा शोधत बसलो. पुढे ॲस्पॅरॅगस म्हणाला. ते तर त्याने स्वतःही खाल्लं नसेल. शेवटी आईच म्हणाल्या, "मला बाई ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास येतोय." आणि खरंच! तोच वास. लेकीने मोबाइलवर बघितलं तर ढोबळी मिरचीला ज्या रसायनाने वास येतो तेच सॉव्हिन्यॉच्या द्राक्षात असतं. माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूने पहिल्याच घोटात जे ओळखलं ते त्या कार्डावर लिहिलेलं नव्हतं, कारण कार्ड लिहिणाऱ्याने ते कुठल्यातरी परदेशी कार्डावरून उतरवलं होतं.

तिथून माझ्या डोक्यात किडा वळवळला. गेलं सव्वा वर्ष आम्ही घरी महिन्यातून एक-दोनदा एक बाटली उघडतो, चौघांत, आणि त्या दिवशी घरात जे शिजलं असेल त्याच्याबरोबर. वाइनसाठी म्हणून वेगळं काही करायचं नाही हा नियम. ७५० मिलीची बाटली, आई दोन घोट घेतात (त्या फुलपात्रातच घेतात, काचेचा ग्लास हातातून निसटतो म्हणतात), उरलेली झाकण लावून फ्रिजमध्ये, तीन दिवस बरी राहते. कुणाचं काय चुकलं, काय जमलं ते मी दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या बाजूने लिहून ठेवलंय.

पहिला प्रयोग सपशेल फसला. जानेवारी, थंडी मरणाची, वांग्याचं भरीत. आमचं भरीत म्हणजे खानदेशाच्या अंगाचं, वांगी काटक्यांवर भाजायची, हिरव्या मिरच्या आणि लसूण त्याच धगीवर, मग ठेचायचं, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून कच्चं तेल. बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. आता भाजलेलं, धुराचा वास, तर म्हटलं याला रेड पाहिजे, तुमच्या तक्त्यासारखाच विचार केला. कॅबरने उघडली. पहिला घास, मग घोट, आणि अहो तोंडात नुसता जाळ! मिरची जेवढी होती त्याच्या दुप्पट झाली. नवरा पाण्याला धावला. रेडमध्ये तो जो तुरटपणा असतो, न पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी आखडते तसा, तो आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीला आणखी पेटवतात. त्याच भरिताबरोबर दुसऱ्या दिवशी गार शेनिन ब्लाँ घेतली. आपल्याकडच्या बऱ्याच शेनिनमध्ये किंचित गोडी ठेवलेली असते, ती गोडी मिरचीवर साय पसरावी तशी पसरली, भाजक्या वांग्याचा वास तसाच राहिला आणि मागून आंबटपणाने तोंड साफ. लोण्याचा घास घेऊन प्यायलं तर आणखी मजा. वहीत माझ्या अक्षरात लिहिलंय, भरीत + शेनिन, दहापैकी नऊ. एक मार्क का कापला ते आता आठवत नाही.

तेव्हापासून मी रंग बघणं सोडून दिलं. घासात तिखट किती, आंबट किती, तेल किती हे आधी बघते. हे आपल्या स्वयंपाकाला जास्त लागू पडतं कारण आपल्याकडे मटण आहे की मासा आहे यावरून काही ठरत नाही, मसाला काय आहे यावरून ठरतं. दोडक्याची भाजी आणि दोडक्याच्या शिरांची चटणी यांना एक वाइन कशी चालेल?

भोगीला मात्र रोझे काढली. भोगीची भाजी तशी सौम्य, वाल, पावटे, ओला हरभरा, गाजर, वांगं, बोरं सुद्धा, तिळाचा कूट. तीळ लावलेली बाजरीची भाकरी. झिनफँडेलची रोझे चांगली लागली, जोरात नाही, पण बोराचा आंबटगोडपणा आणि तिचा आंबटगोडपणा यांची सोयरीक जमली. आईंना रंग आवडला, कोकमाच्या सरबतासारखा म्हणाल्या. कोकमासारखी लागत मात्र नाही हे घोट घेतल्यावर सांगितलं, जरा निराशेनेच.

आता आंबेडाळ, जिच्यावरून हे पत्र सुरू झालं. आमच्याकडे गौरीला चैत्रभर काही ना काही असतंच, हरभऱ्याची डाळ चार तास भिजवलेली, पाट्यावर भरड वाटलेली (मिक्सरमध्ये तिचा गिलावा होतो), त्यात किसलेली कैरी, मिरची, मीठ, साखर चिमूटभर, वरून हिंग-हळदीची फोडणी गार करून. कच्ची डाळ, कच्ची कैरी. हिच्याबरोबर सॉव्हिन्यॉ ब्लाँ, चांगली गार, फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवलेली. तुम्ही म्हणाल आंबटावर आंबट कशाला. पण वाइन जर घासापेक्षा कमी आंबट असेल ना तर ती पाणचट लागते, अगदी बुळचट, आणि कैरीपुढे टिकायचं तर तेवढीच आंबट पाहिजे. सॉव्हिन्यॉचा तो हिरवा वास, मिरचीचं देठ मोडल्यावर येतो तसा, कैरीच्या सालीच्या वासात असा मिसळतो की कुठलं कुठून येतंय कळत नाही. आणि मग डाळीचा कच्चेपणा, हिंग, सगळं एकेक करून वर येतं. नवरा, जो एरवी "बरी आहे" याच्या पुढे जात नाही, तो म्हणाला अजून थोडी वाढ. डाळ की वाइन, विचारलं नाही, दोन्ही वाढलं. बाहेर बेचाळीस अंश, पंखा पाचवर, पायाखाली गार फरशी. तुमच्या तक्त्यातल्या सामनला हे सुख कुठलं?

लगेच सांगून टाकते, आमरसाबरोबर काहीही चालत नाही. मी तीन वेळा करून बघितलं. साधी व्हाइट आमरसानंतर लिंबू पिळलेल्या पाण्यासारखी लागते, कारण गोडाबरोबर वाइन त्या गोडापेक्षा गोड पाहिजे. मग लेट हार्वेस्ट शेनिन आणली, घड वेलीवरच जास्त दिवस ठेवून, साखर वाढवून करतात ती, छोट्या बाटलीत मिळते. ती एकटी छान आहे, मधासारखी, पण आमरसाशेजारी दोन सवती एका ताटात. हापूस असेल तेव्हा हापूस खावा, बाटली बंद ठेवावी.

तसंच ठेचा. तसंच आपली मिसळ, रविवारी सकाळी उठून जिच्यासाठी सगळं नाशिक रांगा लावतं. काही जणांनी मिसळीबरोबर बबली, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, वगैरे लिहिलेलं मी वाचलंय, लिहू देत. ठेच्याला ताक, मिसळीला चहा.

पावसाळ्यात एक मोठा फजितवाडा झाला. एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद, तेव्हा आमच्याकडे नवरा आणि लेक सुक्या बोंबलांवर आणि सुकटीवर उतरतात (आई त्या दिवशी भाऊजींकडे जातात, वासच नको). कांदा, आमसूल, लाल तिखट घालून सुकटीचं कालवण. घरात शिराझ, म्हणजे रेडच, उघडलेली शिल्लक होती, वाया कशाला घालवायची म्हणून तीच घेतली. तुम्ही कधी लहानपणी नळाची तोटी चाटलीय का? तशी चव. लोखंडाची. रेड वाइनमध्ये लोहाचा अंश असतो आणि माशाच्या तेलाशी त्याचं काहीतरी होऊन हा वास सुटतो असं लेकीने शोधून काढलं. एवढंच नाही, कालवण संपलं, ताटं घासली, बडीशेप खाल्ली तरी ती चव रात्रभर. सुकट, बांगडा, असल्या तेलकट वासाच्या माशांबरोबर रेडचं नाव काढू नका.

पण त्याच पावसाळ्यात कांदाभजी आणि स्पार्कलिंग! मला आधी वाटायचं स्पार्कलिंग म्हणजे क्रिकेटवाले एकमेकांवर उडवतात ते, वाढदिवसाचं. पण तळणीबरोबर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. बुडबुडे आणि आंबटपणा मिळून जिभेवरचं तेल असं खरवडून नेतात की प्रत्येक भजं पहिलंच वाटतं, आणि हाच त्याचा धोका, त्या दिवशी दीड किलो कांदे संपले. आणि हे काही परवाचं नाही, नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंच पद्धतीने, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, स्पार्कलिंग बनवली आणि ओमर खय्याम नावाने परदेशात विकली. आता दिंडोरीत तर फ्रेंच कंपनीच येऊन बसलीय. म्हणजे चाळीस वर्षं या राज्यात ही गोष्ट बनते आणि कांदाभजी तर कधीपासूनची कोण जाणे, पण दोघांची गाठ घालून द्यायला आमच्यासारखी रिकामटेकडी माणसं लागली.

त्र्यंबककडच्या, हरसूलकडच्या बायका पावसाळ्यात रानभाज्या घेऊन येतात, करटोली, कुरडू, फोडशी. फोडशीची पीठ पेरून भाजी आणि शेनिन, चांगलं. करटोल्याच्या कडसर चवीबरोबर मला काही जमलं नाही अजून. अळूच्या फदफद्याबरोबर, चिंच-गूळ-शेंगदाणे-हरभऱ्याची डाळ घातलेल्या, परत शेनिनच. तुम्हाला वाटेल ही बाई शेनिनची एजंट आहे. आहे खरी, दिराची आहे ना बाग.

श्रावण आला की आमच्याकडे बाटली बंद, महिनाभर. आईंनी स्वतः फ्रिजमधली उरलेली रोझे बेसिनमध्ये ओतली गटारीच्या दुसऱ्या दिवशी, मला न विचारता. भाद्रपदात गणपती, मग पितृपक्ष, मग घट. म्हणजे वर्षातले तीन महिने तसेही आमच्याकडे कोरडेच जातात, हे त्यांच्यासाठी लिहितेय जे आता हे पत्र वाचून फोन करणार आहेत.

टोमॅटोच्या दिवसांत, म्हणजे पिंपळगावला गाड्यांच्या रांगा लागतात आणि भाव पडला की लोक रस्त्यावर ओततात तेव्हा, मी अकलूजकडची सांजिओव्हेजे आणली होती. हे इटलीचं द्राक्ष, तिकडे टोमॅटोबरोबरच नांदलेलं, अंगाने आंबट. आमची टोमॅटोची भाजी, शेंगदाण्याचा कूट, थोडा गूळ, कमी तिखट. पोळीबरोबर. रेड आणि मराठी शाकाहारी भाजी यांचं एवढं जमलेलं मी दुसरं बघितलं नाही. आणि काळ्या मसाल्याचं सुकं मटण, खोबरं-कांदा काळपट भाजून, त्याला शिराझ, कारण चांगल्या शिराझला मिऱ्याचा वास येतो आणि आपल्या मसाल्यात मिरं आहेच. पण सुकं. रस्सा नाही, रश्श्यावरचा तवंग बघूनच शिराझ माघार घेते. इथे मात्र मी मान्य करते की तुमचा तक्ता मटणापुरता बरोबर होता.

तक्त्यातलं एक वाक्य सोडवत नाही. "रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी." कुणाची रूम? ही ओळ जिथून आली तिथल्या दगडी घरांत सोळा-अठरा अंश असतात. आमच्या स्वयंपाकघरात एप्रिलमध्ये तूप पातळ होऊन बसलेलं असतं. त्या तापमानाला रेड म्हणजे काढाच, नाकात नुसता स्पिरिटचा भपका. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग काढा, कुणी काही म्हणत नाही. व्हाइट आठ-दहा अंशाला. आमच्याकडे थर्मामीटर नाही, बाटलीवर घाम आला की झालं.

आणि दुकानांबद्दल. मागच्या मे महिन्यात एका दुकानातून, नाव घेत नाही, साडेसातशे रुपयांची रेड घेतली. बाटली काचेच्या शोकेसमध्ये उभी, समोर पश्चिमेचं ऊन, किती महिने होती देव जाणे. घरी उघडली तर शिजवलेल्या मनुका आणि जुन्या चिंचेचं पाणी. बूच वर सरकलेलं, मानेपाशी चिकट ओघळ. परत घेऊन गेले तर मालक म्हणाला, ताई, रेड अशीच लागते, सवय नाही तुम्हाला. मी म्हटलं माझ्या घरी पिकते. तो म्हणाला मग घरचीच प्या. काय बोलणार! पण विचार करा, एखाद्याने आयुष्यात पहिल्यांदा हीच बाटली नेली असती तर त्याचं मत कायमचं झालं असतं की नाशिकची वाइन म्हणजे हे. शेतकरी पहाटे चारला बॅटऱ्या लावून गारव्यात माल तोडतो, वायनरी तो गार करून घेते, टाक्या गार, सगळं गार, आणि शेवटच्या पायरीला बाटली उन्हात. माझा उपाय एवढाच की उन्हाळ्यात शोकेसमधली बाटली घ्यायची नाही, आतली मागायची, आणि शक्यतो फिरकीच्या झाकणाची घ्यायची. बुचाची म्हणजे भारी असं काही नाही.

आता कुणीतरी विचारेल, हे दारूचं उदात्तीकरण नाही का. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेलच, एका बाजूने शेतकऱ्याचा फायदा, दुसऱ्या बाजूने मद्यराष्ट्र, आणि शेवटी निर्णय बासनात. तेव्हा काही जण छातीठोक सांगत होते की वाइन म्हणजे दारू नाहीच. आहे हो, बारा-तेरा टक्के अल्कोहोल आहे, रस नाही तो. ज्याच्या घरात दारूने वाट लावलीय त्याने माझं पत्र इथेच सोडून द्यावं, मी वाद घालणार नाही. पण त्या सगळ्या गदारोळात ती कशाबरोबर प्यायची, किती, जेवणाबरोबर की जेवणाआधी, हे कुणीच बोललं नाही. एक बाजू तिला फक्त महसूल समजत होती आणि दुसरी फक्त पाप. अण्णा दोन्ही समजत नव्हते. ते तिला माल समजायचे.

नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळूनही आता बरीच वर्षं झाली. पैठणीला मिळालं तेव्हा पैठणी कशावर शोभते हे कुणाला सांगावं लागलं नाही, कारण ती आधी आपल्या अंगावर होती. वाइनचं उलटं झालंय, मानांकन आधी आलं आणि ताट अजून यायचंय.

तर माझी मागणी अशी. तो तक्ता परत छापू नका. त्याऐवजी दर महिन्याला वाचकांनाच विचारा, तुमच्या घरी या महिन्यात काय शिजलं आणि त्याच्याबरोबर काय जमलं, काय फसलं. सोलापूरची शेंगापोळी, सांगलीकडची भाकरी-झुणका, कोकणातली पोपटी (वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात, मला तर वाटतं रोझे, पण मडकं आमच्याकडे नाही), विदर्भातलं सावजी असेल तर देव त्या वाइनचं रक्षण करो. फसलेलं जास्त छापा, त्याचाच उपयोग होतो. आणि वास लिहायचे तर करवंद, जांभूळ, कैरीची साल, ओली माती नको (सगळे ओल्या मातीवरच येतात), हुरड्याचा धूर, असे लिहायला सांगा. टेस्टिंगच्या त्या पोराला पण मी हेच सांगून आले, त्याने वहीत ढोबळी मिरची लिहून घेतलं.

सध्या भाऊजींकडे खरड छाटणी चालू आहे. पुढच्या आठवड्यात मी, आई आणि लेक तिकडे जाणार आहोत, जाताना दोन बाटल्या घेऊन. बांधावर, जेवणाच्या सुट्टीत, ज्याच्या द्राक्षाची आहे त्याला ती पहिल्यांदा पाजायची असा बेत आहे. तो पठ्ठ्या आजवर फक्त रिफ्रॅक्टोमीटरमध्ये डोळा घालून साखर मोजत आलाय, चव नाही घेतली कधी. डब्याला जावेने काय केलं असेल माहीत नाही, म्हणून शेनिनच नेतेय.

आपली,
एक वाचक (निफाडची सून), नाशिक

ता. क. पत्र वाचून दाखवलं तर आई म्हणाल्या, बाकीचं छापा नाहीतर नका छापू, पण आंबेडाळीत लसूण घालत नाहीत एवढं नक्की छापायला सांग.